औषध आत जातंय हे कशावरनं?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. घरात कुणाचे गुडघे दुखत असतील तर सवडीनं वाचा. नसतील तरी वाचा, आज ना उद्या दुखणारच आहेत.

गेल्या दिवाळीनंतर पेपरात घातलेलं एक हँडबिल घरात पडलं. ‘गुडघेदुखी? ऑपरेशन टाळा! अल्ट्रासाउंड तंत्राने औषध थेट कूर्चेत!’ खाली हसणाऱ्या आजीचा फोटो. आमची आई अडुसष्ट वर्षांची. चाळीस वर्षं उसात आणि हळदीत उकिडवं बसून भांगलण केलेली. जिना चढताना कठड्याला धरून उभी राहते आणि वर बघते, किती पायऱ्या राहिल्या म्हणून. मी कराडात राहतो, गाव कासेगावच्या बाजूला, म्हणजे सांगली जिल्ह्यात. आईला कराडला आणली आणि त्या सेंटरवर बारा सिटिंगचे पैसे भरले. साडेतीनशे रुपयाला एक, म्हणजे चार हजार दोनशे. सेंटरचं नाव विचारू नका, मुद्दा एका सेंटरचा नाही.

सोबत धाकटी काकू पण आली होती. तिचेही गुडघे गेलेत. तिथली पोरगी आईच्या गुडघ्यावर गार जेल लावून सपाट चकतीचं हँडल गोल गोल फिरवायला लागली, तशी काकू उठली आणि बाहेर बाकड्यावर जाऊन बसली. मला वाटलं गरम होत असेल.

तिसऱ्या सिटिंगला आईनं त्या पोरीला विचारलं, “पोरी, औषध आत जातंय हे कशावरनं?”

पोरगी हसली. “आजी, मशीन ढकलतंय की.”

“ते दिसतंय. पण आत गेलं का न्हाय ते कसं कळायचं?”

यावर पोरीकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नव्हतं. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस, विज्ञान बारावीतच सुटलं. पण आयुष्यभर पुढाऱ्यांना ‘हे कशावरून?’ विचारत आलो आणि आईच्या गुडघ्याचे चार हजार दोनशे भरताना विचारलं नाही, हे मनाला लागलं. मग चार-पाच महिने जमेल तसं वाचलं, ओळखीच्या डॉक्टरांना, फिजिओथेरपी शिकवणाऱ्या एका मॅडमना छळलं. त्यातून जे हाती लागलं ते हे.

आपल्या कानाला साधारण वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, म्हणजे सेकंदाला वीस हजार. त्याच्या वरचा तो श्राव्यातीत ध्वनी, शाळेच्या पुस्तकात होता. फिजिओच्या मशीनचा आवाज सेकंदाला दहा लाख किंवा तीस लाख कंपनांचा असतो. १८८० मध्ये पियर आणि जॅक क्युरी या भावांना कळलं की क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब दिला की वीज तयार होते. उलटंही होतं, वीज दिली की स्फटिक थरथरतो. (हा पियर म्हणजे मादाम क्युरींचा नवरा, पण तेव्हा लग्न व्हायचं होतं.) पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या शोधायला फ्रान्सच्या पॉल लान्जव्हँनं हीच युक्ती वापरली. स्फटिक थरथरवून पाण्यात ध्वनी सोडायचा आणि परत येणारा प्रतिध्वनी पकडायचा. तेव्हा त्याला दिसलं की या ध्वनीच्या वाटेत आलेले छोटे मासे मरतात. १९२७ मध्ये अमेरिकेत वुड आणि लूमिस या जोडीनं त्यावर सविस्तर प्रयोग केले. बेडूक, मासे, रक्तातल्या पेशी, सगळ्यावर ध्वनीचा परिणाम होत होता.

जो ध्वनी मासा मारतो तो माणसाचं दुखणं पण मारेल का, असं कुणाच्या तरी डोक्यात येणारच. १९३० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत राइमार पोलमन यांनी कमी ताकदीचा ध्वनी पाठीच्या, नसांच्या दुखण्यावर वापरायला सुरुवात केली. युद्ध संपलं आणि १९४९ मध्ये जर्मनीतच एर्लांगेन गावात वैद्यकातल्या अल्ट्रासाउंडवर पहिली परिषद भरली. तोवर युरोपात या मशीनची चांगलीच चलती झाली होती.

त्याच सुमारास दुसरीकडं वेगळीच गोष्ट घडत होती. १९४८ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवातानं अंथरुणाला खिळलेल्या एका बाईला एक नवं औषध टोचलं आणि काही दिवसांत बाई चालायला लागली. ते औषध म्हणजे कॉर्टिझोन. दोन वर्षांत, १९५० मध्ये, हेंच, केंडाल आणि राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. लोकांना वाटलं संधिवात संपला. पण गोळ्या-इंजेक्शनं सतत घेतली की तोंड सुजायचं, हाडं ठिसूळ व्हायची, साखर वाढायची. मग प्रश्न आला की हे औषध सगळ्या अंगात न सोडता दुखणाऱ्या सांध्यापुरतंच देता येईल का? १९५१ मध्ये फिलाडेल्फियाच्या हॉलंडर यांनी हायड्रोकॉर्टिसोन थेट सांध्यात टोचलं. गुडघ्यात ‘ते इंजेक्शन’ घेतलेले आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत, त्याची सुरुवात ही.

आणि १९५४ मध्ये व्हिएन्नाच्या फेलिंगर आणि श्मिड या डॉक्टरांनी दोन्ही वाटा जोडल्या. बोटांच्या सुजलेल्या सांध्यांवर हायड्रोकॉर्टिसोनचं मलम लावायचं आणि वरून अल्ट्रासाउंड फिरवायचा, सुई नाही, टोचणं नाही. हँडबिलावरची ‘नवी’ टेक्नॉलॉजी ती हीच, सत्तर वर्षांची. माझ्या आईपेक्षा तीन-चार वर्षांनी मोठी.

१९६७ मध्ये अमेरिकेत ग्रिफिन आणि सहकाऱ्यांनी १०२ रुग्णांवर तुलना केली. मलमात औषध घालून ध्वनी दिला त्यांच्यातल्या ६८ टक्क्यांचं दुखणं चांगलं कमी झालं, नुसता ध्वनी दिला त्यांच्यात २८ टक्क्यांचं. आकडा बघितला तर कुणीही म्हणेल काम झालं. जगभरच्या फिजिओंनी तसंच म्हटलं.

आता गुडघ्यावरून जरा बाजूला जातो. बाहेर बाकड्यावर बसलेल्या काकूसाठी जावं लागतं.

ज्या दशकात व्हिएन्नात मलमावरून ध्वनी फिरत होता, त्याच दशकात स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला इयन डोनाल्ड नावाचे प्रसूतितज्ज्ञ बॉयलरच्या कारखान्यात गेले होते. तिथं लोखंडाच्या जोडात भेग आहे का हे ध्वनीनं तपासायचं यंत्र होतं. त्यांनी मोटारीच्या डिकीतून काढलेल्या गाठी नेल्या आणि यंत्राखाली ठेवल्या. जून १९५८ मध्ये त्यांचा लेख छापून आला आणि सोनोग्राफीचा जन्म झाला. ध्वनी एकच, वाटा दोन झाल्या. एका मशीनला पडदा आला, दुसरी बिनपडद्याची राहिली.

पडद्याच्या मशीननं आपल्या दोन जिल्ह्यांत काय केलं हे सांगायची गरज नाही, पण आकडा डोळ्यासमोर असू द्या. २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयात हजार मुलांमागं सातारा जिल्ह्यात ८७८ मुली, सांगलीत ८५१. राज्याची सरासरी ९१३. दोन्ही बागायती, सधन, साक्षर, सहकाराचे जिल्हे! खरं तर कायदा पहिला आपल्याच राज्यानं केला होता, १९८८ मध्ये. मग १९९४ मध्ये केंद्राचा आला, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. साताऱ्यात अॅड. वर्षा देशपांडे आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी गरोदर बायांना सोबत घेऊन स्टिंग ऑपरेशनं केली, डॉक्टर कोर्टात उभे राहिले. त्यांना २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला तेव्हा आपल्या किती ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज फिरले, आठवून बघा. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात ‘नकोशी’ नावाच्या २८५ मुलींची नावं समारंभ करून बदलली. आणि मार्च २०१७ मध्ये मिरजेजवळ म्हैसाळला ओढ्याकाठी पिशव्यांत पुरलेले १९ भ्रूण निघाले. त्या बातमीला मी गेलो होतो. घरी येऊन दोन दिवस जेवण गेलं नाही.

चौथ्या सिटिंगवरून येताना वडापमध्ये आईनं हळू आवाजात सांगितलं, “ती बाहेर का गेली म्हाईत हाय का? पोटावर लावत्यात ते हेच म्हणून.” १९९० च्या आसपास काकूला दोन मुलींवर दिवस गेले होते. ‘तपासणीला’ म्हणून नेली आणि दोन दिवसांनी आणली. मी तेव्हा पाचवी-सहावीत असेन. काकू आजारी आहे एवढंच आम्हाला सांगितलं होतं. पस्तीस वर्षांनी गुडघ्यावरची जेल बघून तिला ते आठवलं. मी चाळिशी ओलांडलेला बातमीदार, म्हैसाळवर चार बातम्या लिहिलेला, आणि घरातली ही गोष्ट मला वडापमध्ये कळली.

फिजिओच्या मशीनमध्ये आतलं काही दिसत नाही हे मी काकूला समजावून सांगितलं. ती म्हणाली, “आसंल बाबा.” पण आत आली नाही.

हे इथं लिहायचं कारण असं. पडद्याच्या मशीनबद्दल आपण उशिरा का होईना विचारायला लागलो, हे कशासाठी वापरताय, कुणावर, कुणी परवानगी दिली. आज त्या मशीनची नोंदणी लागते, रजिस्टर लागतं, तपासणी होते. २०१२ मध्ये हातात धरून नेता येणाऱ्या छोट्या मशीनवर आणखी बंधनं आली. हाडाच्या डॉक्टरला सुई सांध्यात नीट जातेय का हे बघायला पडद्याचं मशीन ठेवायचं असेल तरी नोंदणी चुकत नाही. त्यावर डॉक्टर कुरकुरतात. त्यांचं पण एका अर्थी बरोबर आहे, पण आपल्या जिल्ह्यांचा इतिहास बघता मला ती कुरकुर पटत नाही. बिनपडद्याच्या मशीनचं मात्र तसं नाही. ती कुणाचा जीव घेत नाही, त्यामुळं तिच्या हँडबिलावर काय छापलंय हे कुणीच तपासत नाही. आजी हसताना दाखवली की झालं.

तर परत गुडघ्याकडं.

१९६७ च्या त्या ६८ टक्क्यांनंतर शंका यायला लागल्या. एक साधी शंका तर अशी की मलमातून ध्वनी पार तरी होतो का? हवेचा पातळसा थर मध्ये आला तरी हा ध्वनी अडतो, म्हणून तर जेल लावतात. १९९२ मध्ये अमेरिकेतच कॅमेरॉन आणि मनरो यांनी फिजिओ लोक वापरतात ती मलमं घेऊन मोजणी केली. पातळ जेलमधून ध्वनी छान पार होत होता. पण ज्या घट्ट पांढऱ्या हायड्रोकॉर्टिसोन क्रीमवर वर्षानुवर्षं हँडल फिरवलं जात होतं, त्यातून जवळजवळ काहीच पार होत नव्हतं! औषध आत जाणं राहिलंच, ध्वनीच बाहेर अडकला होता. १९९८ मध्ये आणखी एका तुलनेत ४९ लोकांपैकी अर्ध्यांना जेलमध्ये स्टेरॉइड घालून ध्वनी दिला, अर्ध्यांना साध्या जेलवर. दोन्हीकडं बरं वाटलं, सारखंच. २००१ मध्ये रॉबर्टसन आणि बेकर यांनी नुसत्या अल्ट्रासाउंड उपचारावरच्या ३५ चाचण्या गोळा केल्या. त्यातल्या धड पद्धतीनं केलेल्या फक्त दहा निघाल्या, आणि त्या दहापैकी आठांत खरं मशीन आणि बंद मशीन यात फरक दिसला नाही. गुडघ्याच्या झिजेपुरतं बोलायचं तर २०१० च्या मोठ्या आढाव्यात पाच छोट्या चाचण्या मिळून ३४१ रुग्ण होते. थोडा फायदा असावा, पण पुरावा कच्चा, असा निष्कर्ष. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत २०२२ मध्ये स्पष्ट लिहिलं की गुडघ्याच्या झिजेवर अल्ट्रासाउंड उपचार देऊ नका, फायद्याचा पुरेसा पुरावा नाही.

हे सगळं वाचून मी चिडलो होतो. म्हटलं सगळी फसवणूक. पण त्याच वाचनात एक मराठी आडनाव आलं आणि थांबलो. समीर मित्रगोत्री. मुंबईच्या यूडीसीटीतून, म्हणजे आत्ताच्या आयसीटीतून, १९९२ मध्ये केमिकल इंजिनिअर होऊन अमेरिकेत एमआयटीला गेलेला पोरगा. तिथं त्यानं ब्लांकश्टाइन आणि लँगर या प्राध्यापकांच्या हाताखाली एकच प्रश्न धरला. ध्वनीनं औषध कातडीतून आत जातं की नाही, आणि जातं तर कसं? लोक वापरत होते दहा लाख कंपनांचा ध्वनी. मित्रगोत्रींनी उलटं केलं, खाली आले, वीस हजारांवर, म्हणजे कानाला ऐकू येण्याच्या अगदी सीमेवर. ऑगस्ट १९९५ मध्ये ‘सायन्स’ या मासिकात त्यांचा लेख आला. इन्सुलिनसारखा मोठा रेणू, जो कातडीतून एरवी जाणं शक्यच नाही, तो या ध्वनीनं पार गेला. फिजिओच्या ध्वनीच्या मानानं हा फरक हजार पटीपर्यंत जात होता.

कसं घडतं ते समजून घेण्यासारखं आहे. ध्वनी म्हणजे दाबाची लाट, द्रवात ती पुढं जाताना दाब कमी-जास्त होतो. दाब कमी झाला की द्रवात बारीक बुडबुडे होतात, वाढला की ते फुटतात. कंपनं सावकाश असतील तर बुडबुड्याला वाढायला वेळ मिळतो, मोठा होतो आणि फुटताना जोरात फटका देतो. कातडीचा सगळ्यात वरचा मेलेला थर म्हणजे विटा आणि मध्ये चरबीचा चुना, असं समजा. हे फटके त्या चुन्याची घडी विस्कटतात आणि काही वेळ वाट मोकळी होते. भरभर कंपनांत बुडबुडा मोठा व्हायच्या आधीच दाब पालटतो. म्हणून फिजिओच्या मशीननं ऊब येते, वाट तेवढी उघडत नाही. २००४ मध्ये या तत्त्वावरच्या एका उपकरणाला अमेरिकेत मान्यता पण मिळाली. काम काय, तर कातडी बधिर करायचं मलम लवकर आत जावं. साखरेच्या रोग्याची सुई सुटेल असं स्वप्न होतं, प्रत्यक्षात मलम पाच-दहा मिनिटांत लागू व्हायला लागलं. मित्रगोत्री पुढं हार्वर्डला प्राध्यापक झाले. आपल्याकडच्या कुठल्या विज्ञान प्रदर्शनात त्यांचा फोटो बघितल्याचं मला आठवत नाही.

म्हणजे ध्वनीनं औषध ढकलता येतं, हे खोटं नाही. फक्त त्यांनी कातडीची पहिली भिंत पाडून दाखवली. गुडघ्याच्या कूर्चेपर्यंत आणखी दोन आहेत.

कातडीखाली चरबी, मग सांध्याची पिशवी. या दोन्हीत रक्तवाहिन्या भरपूर. कातडीतून आत गेलेलं औषध बरंचसं तिथंच रक्तात मिसळून वाहून जातं. पिशवीच्या आत, जिथं वंगण असतं, तिथं थेट सुईनं टोचलं तरी साधं विरघळलेलं औषध काही तासांत निचरून जातं. आणि मग तिसरी भिंत म्हणजे खुद्द कूर्चा, जिला आपण ‘गादी’ म्हणतो. गुडघ्यात दोन ते चार मिलिमीटर जाड. तिच्यात रक्तवाहिनी नाही, नस नाही. तिचं पोषण स्पंजसारखं होतं. चाललो, दाब पडला, पाणी बाहेर. पाय उचलला, पाणी आत. आतली जाळी इतकी बारीक की तिची भोकं नॅनोमीटरात मोजायची, आणि त्या जाळीत ऋण विद्युतभार असलेल्या साखरेच्या साखळ्या गच्च भरलेल्या. मोठा रेणू आला की अडतो, तसाच ऋण भार असेल तर हाकलला जातो. म्हणून ती एकदा झिजली की भरून येत नाही. लंडनच्या विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच लिहून ठेवलं होतं की कूर्चेचा नाश झाला की ती परत येत नाही. पावणेतीनशे वर्षांत हे विधान फारसं हललेलं नाही.

या तिसऱ्या भिंतीवर ध्वनीचा प्रयोग फिनलंडमध्ये चाललाय. हेल्सिंकीत हेक्की निएमिनेन आणि सहकारी गेली काही वर्षं जनावराच्या गुडघ्यातली कूर्चा प्रयोगशाळेत घेऊन तिच्यावर एका बिंदूत एकवटलेला, ताकदीचा अल्ट्रासाउंड सोडतायत. भिंगानं ऊन एकवटून कागद जाळतो ना आपण, तसा. वरून निळा रंग ठेवायचा आणि तो किती खोल उतरतो ते मोजायचं. २०१९ मध्ये त्यांनी दाखवलं की नुसतं भिजत ठेवण्यापेक्षा ध्वनी दिल्यावर रंग जास्त खोल जातो. आईच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला कुणीतरी निदान रंग घालून बघतंय. पण ही कापून काढलेली कूर्चा आहे, जिवंत माणसाचा गुडघा नाही. वर कातडी नाही, पिशवी नाही, आणि ते मशीन म्हणजे सेंटरमधलं हँडल नव्हे.

बरं, भिंत पाडली तरी आत पाठवायचं काय? दुखणं कमी करायची औषधं आहेत. झिजलेली कूर्चा भरून आणेल असं मान्यताप्राप्त औषध आजमितीला जगात कुठंच नाही. स्प्रिफर्मिन नावाच्या औषधावर २०१९ मध्ये मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, ५४९ रुग्ण, सुईनं गुडघ्यात. दोन वर्षांनी, सगळ्यात जास्त डोस घेतलेल्यांची कूर्चा इतरांपेक्षा ०.०५ मिलिमीटरनं जाड भरली. दुखण्यात फरक नाही. उलट २०१७ च्या एका चाचणीत १४० लोकांना दोन वर्षं दर तीन महिन्यांनी स्टेरॉइड किंवा नुसतं मिठाचं पाणी टोचलं. दुखणं दोन्हीकडं सारखंच राहिलं आणि स्टेरॉइडवाल्यांची कूर्चा थोडी जास्त झिजली. ‘थेट कूर्चेत औषध’ हे ऐकायला जेवढं गोड वाटतं तेवढं साधं नाही, हे आमच्यासारख्या जाहिराती छापणाऱ्या पेपरवाल्यांनी पण लक्षात घ्यायला पाहिजे.

आठव्या सिटिंगला मी सेंटरच्या मालकांना विचारलं की जेलमध्ये औषध कुठलं आहे? ट्यूब दाखवली त्यांनी. डायक्लोफिनॅक. मेडिकलमध्ये कुणालाही मिळतं ते. हे मलम नुसतं हातानं चोळलं तरी गुडघेदुखीला थोडाफार आराम पडतो, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. आणि ते कूर्चेत जायची गरजच नाही, कारण कूर्चेत नसच नाही, तिथं दुखत नसतं. दुखतं ते आजूबाजूला. मी विचारलं, मग हँडबिलावर ‘थेट कूर्चेत’ कुणी लिहिलं? म्हणाले, “मशीन कंपनीच्या पत्रकात होतं, तेच छापलं.” माणूस वाईट नाही. कर्ज काढून सेंटर टाकलंय. चहा पाजला त्यांनी.

त्या फिजिओथेरपी शिकवणाऱ्या मॅडमना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या की चांगल्या फिजिओला हे सगळं माहीत असतं. मशीन लावलं नाही तर पेशंट म्हणतो पैसे कशाचे घेता, नुसता व्यायाम तर सांगितला. हेही खरंच आहे. मिरजेला वॉन्लेस साहेबांनी १८९४ मध्ये दवाखाना बांधला तेव्हापासून आपण लांबलांबून येऊन डॉक्टरवर विश्वास टाकतो. पण काहीतरी टोचलं, लावलं, बांधलं तरच उपचार झाला असं वाटायची सवय पण आपलीच. मांडीचा स्नायू बळकट करायचा व्यायाम, चालणं, वजन उतरवणं, याला गुडघ्याच्या झिजेत सगळ्यात भक्कम पुरावा आहे. त्याचं हँडबिल कोण छापणार?

आईला बरं वाटलं का, असं विचाराल. थोडं वाटलं. ऊब मिळाली, आठवड्यातून तीन दिवस भांगलण सुटली, लेक स्वतः घेऊन जातोय याचंही काहीतरी असेलच. आणि दहाव्या सिटिंगला त्या पोरीनंच, आईनं तो प्रश्न विचारलेल्या पोरीनं, मशीन बाजूला ठेवून तिला खुर्चीत बसवलं आणि पाय सरळ करून दहा आकडे मोजेपर्यंत धरायला शिकवलं. म्हणाली, आजी, हे घरी रोज करा, याला माझी गरज नाही. शेवटची दोन सिटिंग आम्ही सोडून दिली.

आता आई सकाळी ओट्यावर बसून पायाला एक किलो मिठाची पिशवी बांधून पाय उचलते आणि मोठ्यानं आकडे मोजते. शेजारी काकू पण असते. तिच्या पिशवीत अर्धा किलोच आहे, पुढच्या महिन्यात एक करायचं म्हणते.